जुळं आहे, मग बाळंतपणाला किती लांब जायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात, वय २९, पहिलटकरीण, पोटात जुळं, एप्रिलच्या मध्याला १८ आठवडे पूर्ण. सासूबाई म्हणतात, सावंतवाडीत ओळखीचे डॉक्टर आहेत, तिथेच करूया. नवऱ्याच्या मते गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जावं. आईचा हट्ट की पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आजऱ्याला. आणि डोंबिवलीची नणंद म्हणते, मुंबईला या, इथे सगळं मिळतं. त्यावर तुम्ही विचारलंय, "नक्की किती लांब जाणं शहाणपणाचं? आणि एवढ्या प्रवासानेच आधी कळा सुरू झाल्या तर?"

पंचवीसेक वर्षं मी याच पट्ट्यात बाळंतपणं करते आहे, त्यामुळे हे चारही रस्ते माझ्या पाठ आहेत. तुमच्या घरातली चारही माणसं हॉस्पिटल निवडतायत. माझं म्हणणं, आधी आठवडा निवडा. कोणत्या आठवड्यात बाळं आली तर त्यांना काय लागेल, हे एकदा कळलं की कुठे जायचं हे बऱ्यापैकी आपोआप ठरतं.

जुळ्यांच्या शंभर बाळंतपणांतली साठेक ३७ आठवड्यांच्या आत होतात. दहाएक तर ३२ आठवड्यांच्याही आत. एकच बाळ असतं तेव्हा आपण नववा महिना डोळ्यांसमोर ठेवतो, आठव्यात काही झालं तर तो अपवाद. जुळ्यात लवकर होणं हेच नेहमीचं. तिसाव्या आठवड्याचं जुळ्यातलं बाळ साधारण सव्वा किलोच्या आगेमागे असतं. त्याला ऊब तर लागतेच, शिवाय श्वासाला आधार लागतो, नळीने दूध द्यावं लागतं, आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे. तेच बाळ छत्तिसाव्या आठवड्याला सव्वादोन किलोचं होऊन आलं तर बहुतेक वेळा आईच्या कुशीतच राहतं.

म्हणून माझा स्वतःचा हिशेब असा. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण व्हायची वेळ आली तर जिथे बाळाला ऊब देणाऱ्या दोन काचेच्या पेट्या, सीपॅप (श्वासाला आधार देणारं यंत्र), व्हेंटिलेटर आणि चोवीस तास बालरोगतज्ज्ञ आहेत तिथेच, मग ते कितीही लांब असो. ३४ ते ३६ च्या मध्ये वजनं पावणेदोन किलोच्या वर असतील आणि बाकी काही गुंतागुंत नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणचं एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा सरकारी कक्ष, पुरतं. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय, तो पर्याय तुमच्या चौघांपैकी कुणीच काढला नाही याचं मला जरा नवल वाटलं. ३६ च्या पुढे, पहिल्या बाळाचं डोकं खाली, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन ११ च्या वर असेल, तर सावंतवाडीचाही विचार करता येईल. पण तोही डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणून करू नका. काय पाहून करायचा ते पुढे लिहिते.

त्याआधी एक गोष्ट. तुम्ही लिहिलंय, "दोन्ही बाळं छान आहेत, रिपोर्ट नॉर्मल." वार (प्लासेंटा) एक आहे की दोन, हे लिहिलेलं नाही, आणि माझं अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे. तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी काढून बघा. वार एक की दोन हे १४ आठवड्यांच्या आत सगळ्यात स्पष्ट दिसतं, नंतर ओळखणं अवघड होत जातं. रिपोर्टात 'डीसीडीए' असं असेल तर प्रत्येक बाळाची वार वेगळी आणि पिशवीही वेगळी. अशा वेळी विसाव्या आठवड्यापासून साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी चालते आणि ती जवळच्या चांगल्या केंद्रात करता येते. 'एमसीडीए' असेल तर वार एकच, पिशव्या दोन. एकाच वारेवर दोघं जगत असतात तेव्हा शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांमध्ये एकाचं रक्त दुसऱ्याकडे वळायला लागतं. एकाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती वाढतं. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी, तीही हे ओळखायची सवय असलेल्या माणसाकडून. तुमचा अठरावा संपलाय, म्हणजे एमसीडीए असेल तर एक तपासणी आत्ताच व्हायला हवी. या आजारावर पोटातल्या पोटात लेझरने उपचार होतात, पण ते मुंबईसारख्या मोजक्याच शहरांत आणि साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या मधे. तशी वेळ आली तर नणंदेचं घर कामाला येईल. एकाएकी दोन-तीन दिवसांत पोट ताणून आलं, धाप लागायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि 'एमसीएमए', म्हणजे वारही एक आणि पिशवीही एकच असेल, तर मोठ्या हॉस्पिटलशिवाय दुसरा विचारच नको. तिथे बहुतेक ठिकाणी ३२ ते ३४ आठवड्यांत सीझर करतात.

आता प्रवासाची भीती. खड्ड्यांतून गाडी गेली म्हणून कळा सुरू होत नाहीत. जुळ्यात कळा लवकर येतात त्याचं मुख्य कारण गर्भाशय आतून ताणलेलं असतं हे आहे, झाराप-पत्रादेवीचा रस्ता नव्हे. तपासणीसाठी दोन-अडीच तासांचा प्रवास खुशाल करा. तासा-सव्वातासाने उतरून पाच मिनिटं चाला, पाणी पीत राहा, सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खाली मांड्यांवरून घ्या. पूर्ण वेळ अंथरुणात पडून राहिल्याने कळा लांबतात असंही काही सिद्ध झालेलं नाही. उलट पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. प्रवासाचा खरा धोका वेगळाच आहे. कळा सुरू झाल्यावर निघावं लागणं, तो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची, श्रावणातली रात्र. एकतिसावा आठवडा, जुळं, घरचे म्हणाले सकाळ होऊ दे. सकाळ होईपर्यंत गर्भाशयाचं तोंड उघडलं होतं, मग जे पहिलं हॉस्पिटल लागलं तिथेच बाळंतपण झालं. मला फोन आला तेव्हा दोन्ही बाळं बाहेर होती, पेटी एकही नव्हती. मी पोचले तर एक बाळ बल्बखाली, दुसरं आजीच्या पदरात, साडीच्या आत छातीशी. आजीच्या पदरातल्याचे तळवे ऊबदार होते आणि बल्बखालच्याचे गार. (कांगारू केअर हा शब्द त्या आजीने ऐकला नसावा.) पुढचं ऐका. मोठ्या हॉस्पिटलात एकच जागा शिल्लक होती. एक बाळ तिथे, दुसरं तिथून तासाभरावरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात, आणि टाके घातलेली आई तिसऱ्या ठिकाणी. बाप सतरा दिवस मोटरसायकलवरून आईचं दूध पोचवत होता. झाकणाचा छोटा स्टीलचा डबा, तो बर्फ घातलेल्या थर्मासात, थर्मास पिशवीत, पिशवी गळ्यात. दोन्ही मुलं वाचली. पण ज्या बाळंतपणाला आधी एक प्रवास पुरला असता, त्याला नंतर चौतीस फेऱ्या लागल्या.

जुळ्याचं म्हणून वेगळं आहे ते हेच. पेटी एक असून भागत नाही. हॉस्पिटलात फोन करून "एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे का?" एवढंच विचारलंत तर सगळीकडून "हो" येईल. विचारायचं ते असं: तुम्ही किती आठवड्यांपासूनची बाळं ठेवता? त्याखालच्यांना कुठे पाठवता? एकाच वेळी दोन जागा मिळतील का, आणि नाही मिळाल्या तर दोघांना एकत्र पाठवता की एकेकाला? रात्री दोन वाजता भूल देणारे डॉक्टर आवारात असतात की घरून येतात, आणि घरून किती मिनिटांत? रक्त कुठून येतं? शेवटचं जुळ्यांचं बाळंतपण कधी झालं? ज्यांना या प्रश्नांचा राग येईल, तिथे मी माझ्या भाचीला पाठवणार नाही.

सगळ्यात नेमका प्रश्न मात्र मला दोडामार्गकडच्या एका सासूबाईंनी विचारला होता. मी अर्धा तास सुनेला समजावत होते, गोवा की कोल्हापूर, नॉर्मल की सीझर. म्हातारी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "डॉक्टर, थंय पेटी आसा मा?" झालं. माझ्या अर्ध्या तासाचं सार तिने चार शब्दांत काढलं.

रक्ताचं का विचारायचं तेही सांगते, त्यात माझी स्वतःची चूक आहे. पस्तीस आठवडे पूर्ण, दोन्ही वजनं दोन किलोच्या वर, दोघांचीही डोकी खाली. मी म्हटलं, इथेच करू. बाळंतपण इतकं सुरळीत झालं की सिस्टरने पेढ्यांचा विषय काढला. आणि मग गर्भाशय आवळेचना. दोन बाळांनी ताणलेली पिशवी कधी कधी रबर सैल पडावं तशी पडते आणि रक्त वाहत राहतं. औषधं दिली, एक हात आतून आणि एक पोटावरून दाबून धरला, आणि तसाच धरून बसले. रक्ताची पिशवी यायला दीड तास लागला. बाई वाचली. माझे दोन्ही हात दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कापत होते. तेव्हापासून जुळ्यांच्या बाळंतपणाला, नॉर्मल असो वा सीझर, रक्ताच्या जुळवलेल्या दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. सावंतवाडीच्या डॉक्टरांना हेच विचारा. आणि पहिलं बाळ झाल्यावर दुसरं आडवं झालं तर थिएटर तयार असेल ना, हेही. जुळं म्हणजे सीझरच असं नाही. २०१३ साली बऱ्याच देशांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासात, पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर आधीच ठरवून केलेल्या सीझरने बाळांचा धोका कमी होत नाही असं दिसलं. मात्र त्या अभ्यासातल्या हॉस्पिटलांत गरज पडली तर लगेच सीझर करायची सोय होती. ती नसेल तर तो निष्कर्ष आपल्याला लागू नाही.

आता तुमचं कॅलेंडर मांडू. २४ आठवडे मेच्या अखेरीस, २८ जूनच्या चौथ्या आठवड्यात, ३२ जुलैच्या तिसऱ्या-चौथ्यात, ३४ ऑगस्टच्या सुरुवातीला, ३७ ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे धोक्याचे सगळे आठवडे पावसाळ्यात, आणि शेवटचे चतुर्थीच्या तोंडावर, जेव्हा मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग भरलेला असतो.

म्हणून आजऱ्याच्या वाटेवरचा आंबोली घाट ओलांडायचा प्रवास कळा सुरू झाल्यावर करायचा, असा कोणताही बेत मला मान्य नाही. जुलैत दरड आली की घाट कधी सुटेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि धुक्यात रात्री चालक स्वतःच गाडी थांबवतो. माहेर नको असं मात्र मी म्हणत नाही. आजऱ्याहून कोल्हापूरला जायला आंबोलीसारखा घाट नाही, आणि कोल्हापूरला सरकारी सीपीआर रुग्णालय आणि चांगली खासगी एनआयसीयू दोन्ही आहेत. पण मग पाऊस लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात घाट चढा आणि बाळंतपण होईपर्यंत परत उतरू नका. आणि आजऱ्यातही किती दिवस राहायचं ते ठरवा. तिथूनही कोल्हापूर दोन तास आहे. तिसाव्या आठवड्यापासून कोल्हापुरातच कुणाकडे राहता आलं तर माहेरचा पर्याय चांगला. आईच्या हातचं खायचं असेल तर आईलाच कोल्हापूरला यायला सांगा.

मुंबईचं म्हणाल तर सोयी खऱ्याच आहेत. पण डोंबिवली ही सोय नव्हे. संध्याकाळी सहाला डोंबिवलीहून परळला गाडीने पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात कधी कधी सावंतवाडीहून बांबोळी गाठून होते. शिवाय भरल्या दिवसांत नाव न नोंदवता मोठ्या हॉस्पिटलात जाऊन उभं राहणं हा वेगळाच मनस्ताप. एमसीडीएमध्ये गुंतागुंत निघाली तर मुंबई, एरवी मला तिची गरज दिसत नाही.

राहता राहिला गोवा. तुमच्या गावाहून बांबोळीला घाट नाही, पावसात बंद पडणारा रस्ता नाही, आणि गोवा मेडिकल कॉलेजात आई आणि दोन बाळं एका आवारात राहतात. मी तुमच्या जागी असते तर हेच निवडलं असतं. मात्र गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे २०१८ पासून शुल्क आहे. आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना कोणत्या उपचारांना चालेल, कोणती कागदपत्रं लागतील, हे नवऱ्याने एकदा प्रत्यक्ष जाऊन खिडकीवर विचारून यावं. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सीझर, रक्त, औषधं, ने-आण सगळं मोफत आहे, आजारी बाळाचे उपचारही. हा फरक छोटा नाही, कारण खासगीत दोन पेट्या म्हणजे दिवसाला दोन बिलं. १०८ किंवा १०२ ची गाडी राज्याची हद्द ओलांडून कुठवर सोडेल, हेही आधी विचारा, आणि रात्री फोन उचलणारा एक खासगी गाडीवाला बांधून ठेवा.

तर बेत असा. तपासण्या सावंतवाडीतच चालू ठेवा, सासूबाईंच्या डॉक्टरांकडेच. वीस ते चोवीस आठवड्यांत बांबोळीला एकदा जाऊन नाव घाला आणि त्याच वेळी गर्भाशयाच्या तोंडाची लांबी आतून सोनोग्राफीने मोजून घ्या. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी निघाली तर माझं पुढचं वेळापत्रक रद्द, लगेच मुक्काम हलवायचं बोला. ठीक असेल तर २८ ते ३० आठवड्यांच्या मधे, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला, म्हापशाला किंवा पणजीच्या आसपास खोली घ्या. एक बाईमाणूस सोबत पाहिजे. ३४ पर्यंत तिथे काढा. मग वजनं, रक्तदाब, बाळांची ठेवण बघून ओरोस, सावंतवाडी की तिथेच, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांशी बोलून पुन्हा ठरवा. मी स्वतः बहुतेकींना सांगते की आता आणखी दोन-तीन आठवडेच राहिलेत, राहा तिथेच. गुंतागुंत नसलेलं डीसीडीए ३७ आठवड्यांच्या आसपास आणि एमसीडीए ३६ च्या आसपास करतात, त्यामुळे चतुर्थीपर्यंत ताणायची वेळ बहुधा येणार नाही. खोलीचं भाडं आणि नवऱ्याची रजा हा खर्च मोठा आहे, मला माहीत आहे. कंटाळाही येतो. एक जण तिथे बसून दोन दुपटी, चार स्वेटर आणि एक अर्धवट टेबलक्लॉथ विणून आली.

आणि मुक्काम हलवायच्या आधीच कळा आल्या, पाणी गेलं, अंगावर लाल गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थेट गोव्याची वाट धरू नका. आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. २४ ते ३४ आठवड्यांच्या मधे असाल तर बाळांच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचं पहिलं इंजेक्शन तिथेच मिळू शकतं: सहा मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, एकूण चार. बाळंतपण किती जवळ आलंय हेही तिथे तपासून घ्या. वेळ असेल तर चिठ्ठी आणि फोन करून पुढे, बाळं पोटात असतानाच. वेळ नसेल तर तिथेच, आणि तिथल्या डॉक्टरांनी बालरोगतज्ज्ञाला बोलवावं. रस्त्यात गाडीत बाळंतपण होण्यापेक्षा पेटी नसलेलं हॉस्पिटल कधीही बरं. ही इंजेक्शनं "असू देत" म्हणून आधीच घेऊन ठेवू नका, घेतल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा उपयोग सगळ्यात जास्त असतो. घेतलीत तर फाइलच्या वरच्या पानावर तारीख आणि वेळ ठळक लिहा. त्याच पानावर रक्तगट, वार एक की दोन, आणि शेवटच्या सोनोग्राफीतली दोन्ही वजनं. रात्री ड्युटीवरचा डॉक्टर आधी तेच पान बघतो.

जाता जाता डॉक्टरांना विचारा की रक्तदाबासाठी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी तुम्हाला लागू आहे का. जुळ्यात बऱ्याचदा देतात आणि ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू केलेली बरी. तुमचे सोळा उलटून गेलेत, त्यामुळे उद्याच विचारा. आशाताईंना सांगून अतिजोखमीच्या यादीत नाव घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे हे सहज होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की डोहाळजेवण सातव्या महिन्यात आहे, ते झाल्यावर निघालं तर चालेल का. सातवा लागेल तेव्हा जूनचा दुसरा आठवडा असेल, आणि पाहुणे, छत्र्या, चिखल यांत तुमचे दोन आठवडे जातील. सासूबाईंना सांगा, मेच्या शेवटच्या आठवड्यात उरकून घ्या. तेव्हा सहावा चालू असेल, आजऱ्याहून आईलाही कोरड्या घाटातून येता येईल, आणि मानकुराद आंबे अजून बाजारात असतील.